ज्या हिवाळ्यात मला खाऊ घातले

मी एक जुनी प्रोटिया आहे, डोंगरी फुलांचे झुडूप. आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या एका लहान गावात, आपोल सेप्टेंबर यांच्या घरामागच्या वाळूच्या उतारावर मी उभी आहे. माझे खरे खोड माणसाच्या मांडीएवढे जाड आहे, पण ते तुम्हाला दिसणार नाही, कारण ते जमिनीखाली आहे. वर दिसतात त्या फांद्या, चामड्यासारखी जाड पाने आणि हंगामात येणारी ताटलीएवढी फुले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या आणि जुन्या झाडांच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. कोणी अडगळीत पडलेले असते, कोणाला वर्षानुवर्षे पाणी मिळालेले नसते. माझी तक्रार तशी नाही. माझ्याकडे कोणी बघत नव्हते तेव्हा मी अगदी सुखात होते. माझा जीव जायची वेळ आली ती लाडामुळे. ते आठवले की आजही माझ्या पानापानावर काटा येतो.

माझा जन्म धुरात झाला. आपोल डोंगरावर रानफुले तोडून विकायचे काम करत. गावात लहानथोर सगळे त्यांना ‘ऊम आपोल’, म्हणजे आपोलकाका म्हणत. एकदा त्यांनी डोंगरावरून एक वाळलेले फूल आणले. त्यातल्या लवदार बिया वाळूच्या ट्रेमध्ये पेरल्या, तो ट्रे रॉकेलच्या रिकाम्या पिंपात ठेवला आणि शेजारी ओला पालापाचोळा पेटवून त्याचा धूर आत सोडला. शेजारच्या आंटी मीकी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“आपोल, स्नूक मासा धुरावर लावलायस आणि आम्हाला बोलावलं नाहीस?”

“मासा नाही, मीकी. मातीला धुरी देतोय.”

“देवा रे! बायको गेल्यापासून या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही.”

पण ऊम आपोल यांचे डोके ठिकाणावर होते. आमच्या डोंगरांवर आग येऊन गेली की मगच आमच्या बिया जाग्या होतात. धुराचा वास आला की आम्हाला कळते, मोठी झाडे जळाली, ऊन जमिनीपर्यंत आले, आता आपली पाळी. त्या ट्रेमधून मी उगवले. माझ्याबरोबर उगवलेली भावंडे एकामागून एक कोलमडली. मी राहिले. ऊम आपोल यांनी मला उतारावर अशा जागी लावले, जिथे बटाटासुद्धा आला नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी दिले आणि नंतर तेही थांबवले. त्यांची मुलगी लेना तेव्हा शाळेत जात होती. तिला त्यांनी बजावले, “हिला काही घालायचं नाही. शेण नको, राख नको, चहाचा चोथा नको. डोंगरातली पोर आहे ही. उपाशी वाढते.”

मी उपाशी वाढले आणि मजेत वाढले. समुद्रावरून येणारा वारा मला दिवसभर झोडपत असे, आणि त्यामुळे माझी पाने कोरडी आणि निरोगी राहत.

माझे पहिले फूल उमलले तेव्हा लेना कामाला लागली होती. दूरच्या एका मोठ्या फुलबागेच्या शेडमध्ये ती फुलांच्या जुड्या बांधत असे, त्यामुळे प्रोटिया तिने हजारोंनी पाहिल्या होत्या. सकाळी दोरीवर कपडे वाळत घालायला ती मागे आली आणि ओला टॉवेल तिच्या हातातून वाळूत पडला.

“पा! पा, इकडे या! हे काय आहे?”

आमच्या जातीची फुले गुलाबी असतात. माझ्या पाकळ्या आतून दुधासारख्या पांढऱ्या होत्या, आणि त्यांच्या कडा गडद वाइनच्या रंगात बुडवून काढल्यासारख्या होत्या. ऊम आपोल बाहेर आले. त्यांनी टोपी काढली. आयुष्यभर डोंगर तुडवलेल्या त्या माणसाने असे फूल कधी पाहिले नव्हते. बातमी गावभर झाली. आंटी मीकी म्हणाल्या, “हे फूल चर्चमध्ये ठेवू नका. पास्टरच्या प्रवचनाकडे कोणाचं लक्ष राहणार नाही.” फूल चर्चमध्ये गेले, आणि लोक सांगतात, तसेच झाले.

लेनाने मनाशी ठरवले, हिची रोपे करायची. बियांपासून नाही, कारण बियांमधून कोणता रंग येईल याचा नेम नसतो. माझ्याच फांद्या कापून, त्यांना मुळे आणून. उन्हाळा सरता सरता ती कात्री घेऊन आली. मित्रांनो, पहिल्यांदा ते पाते माझ्या फांदीवर बसले तेव्हा मला धक्काच बसला. ज्या पोरीने माझ्यासमोर धडे पाठ केले, तीच मला कापत होती! पहिली कलमे तिने फार कोवळी घेतली. ती सगळी काळी पडून कुजली. पुढच्या वर्षी तिने जरा कठीण झालेल्या फांद्या घेतल्या, टोकाला मुळे फुटायची पावडर लावली, भरड वाळूत खोचल्या, खालून ऊब दिली आणि वरून पाण्याचे बारीक तुषार सोडले. थंडीच्या सुरुवातीला तिने एक कलम हलकेच उपसून पाहिले. त्याच्या बुडाला शेवयांसारखी पांढरी मुळे फुटली होती. ऊम आपोल दुपारची झोप घेत होते. लेनाने ते कलम त्यांच्या नाकासमोर नेऊन धरले. ते दचकून उठले. मग दोघे माझ्याभोवती नाचले. त्या गुडघेदुखीच्या माणसाने नाचावे याचे मलाही नवल वाटले.

काही वर्षांत उतारावर माझ्या रोपांच्या ओळी उभ्या राहिल्या. त्यांना माझ्या लेकी म्हणावे की मीच म्हणावे, हे मला अजून कळलेले नाही. त्या सगळ्यांना माझीच फुले येत होती. शहरातून गाड्या येऊ लागल्या. लेनाने शेडमधले काम सोडले.

यापी आमच्या घरात आला तो याच काळात. लेनाचा नवरा. बंदरावरच्या गावचा, लहानपणापासून मासेमारीच्या बोटीवर. तो घरी आला की घर हसू लागत असे. तो दारातून शिरताना हटकून डोके आपटून घेई, बायकोसाठी खाऱ्या वाऱ्यात भिजलेली चॉकलेटे आणी, आणि ऊम आपोल यांचे पाय चेपून देई. पण तो समुद्रावर असला की लेना रेडिओवरच्या वाऱ्याच्या बातमीला कान लावून बसे. एकदा त्याची बोट वादळात दोन दिवस बेपत्ता झाली. ती परतल्यावर लेनाने त्याला माझ्याजवळच सांगितले, “आता बास. झाडांतून आता घर चालेल एवढं मिळतंय. तू किनाऱ्यावर राहा.”

“आणि करू काय? बायकोच्या जिवावर बसून कॉफी पिऊ?”

“पी. पण बुडू नकोस.”

यापी राहिला. पण त्याचे हात रिकामे राहिले. कलमांच्या ट्रेजवळ तो आला की लेना म्हणे, “हात लावू नकोस.” कात्री उचलली की, “अरे, ठेव ती. तुझ्या हातांना माशांचा वास येतो.” ती हसून म्हणे, तोही हसे. तो ओळींच्या टोकाशी उभा राहून बघत राही आणि मग कुंपणाची तार उगीचच पुन्हा घट्ट करत बसे.

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला ऊम आपोल घसरून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. लेना त्यांच्याबरोबर शहरातल्या इस्पितळात जाऊन राहिली. वसंतात येणारी सगळी फुले एका मोठ्या खरेदीदाराला द्यायचे ठरले होते. जाताना तिने यापीला सांगितले, “झाडांकडे बघ.”

त्याने बघितले, आणि आम्ही त्याला भुकेल्या दिसलो. थंडीत आमची पाने जरा फिकटतात, वाढ थांबते. बिचाऱ्याला वाटले, बायको आली की काय म्हणेल? मग त्याने आंटी मीकींच्या खुराड्यातले कोंबडीखत ढकलगाडी भरभरून आणले; त्यांना वाटले, भाजीसाठी नेतोय. बंदरावर जाऊन मित्रांकडून माशांची डोकी आणि काटे आणले. कुदळीने आमच्या बुडाशी खणले आणि ते सगळे पुरले. वर हिवाळ्याचा पाऊस होताच.

मला त्याने सगळ्यात जास्त घातले. “तू आई आहेस ना सगळ्यांची,” तो म्हणाला. “खा, म्हातारे, खा. लेना आली की थक्क होईल.”

मित्रांनो, आमची मुळे कशी असतात ते सांगते. जमिनीच्या अगदी वरच्या थरात केसांच्या गुंत्यासारखी बारीक मुळे असतात. आमच्या डोंगरात अन्न इतके थोडे असते, की मिळेल तो कण ती ओढून घेतात. त्यांना थांबता येत नाही. पोट भरले म्हणजे काय, हे त्यांना हजारो वर्षांत कोणी शिकवलेलेच नाही. कुदळीने त्यातली निम्मी मुळे तुटली होती. उरलेली पीत सुटली. मला कळत होते, हे विष आहे, आणि मी पीत होते. समोर तो माणूस गुडघ्यावर बसून माझ्याकडे मायेने बघत होता. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा धक्का तो. असला भयंकर घाव इतक्या मऊ हातांनी बसतो, हे मला ठाऊक नव्हते.

आधी टोके करपली. मग पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा झाला. ओळीतल्या कोवळ्या झाडांनी लगेच माना टाकल्या. यापी घाबरला आणि त्याला वाटले, खत कमी पडले. त्याने आणखी घातले.

लेना बापाला घेऊन परतली ती एका दुपारी. गाडीतून उतरल्याबरोबर तिने नाक वर केले. वास तिला तिथेच आला. ती धावत मागे आली आणि उतार पाहून जागच्या जागी थिजली. यापी हात पुसत तिच्या मागोमाग आला.

“लेना, मी रोज बघत होतो गं. खत घालतोय तरी काय झालंय कळत नाही...”

“काय घातलंस?”

“कोंबडीखत. चांगलं जुनं. आणि माशांची डोकी. आमच्याकडे भोपळ्यांना घालतात, एवढाले भोपळे—” त्याने हात पसरून दाखवले आणि ते तसेच हवेत राहिले.

लेना गुडघ्यावर बसली. दोन्ही हातांनी माझ्या बुडाची माती उकरू लागली. एक माशाचे डोके बाहेर आले. तिने ते यापीपुढे धरले.

“यापी, तू मारलंस त्यांना.”

“मी?”

“सगळ्यांना. विष आहे हे त्यांना. शेंबडं पोरसुद्धा सांगेल या गावातलं!”

“मी या गावातला नाही, लेना.” त्याने हात खाली टाकले. “तू मला कधी सांगितलंस? इतकी वर्षं एकच ऐकतोय, हात लावू नकोस, हात लावू नकोस. का लावायचा नाही, हे एकदा तरी बोललीस?”

त्या दोघांपैकी कोणाचा चेहरा जास्त पांढरा पडला होता, ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर घरात बोलणे थांबले. लेना त्याच्यापुढे ताट ठेवी आणि निघून जाई. ओळींमधली झाडे वाळत गेली. एकेक उपटून ढीग केला आणि पेटवला. माझीच फांदी, माझाच रंग, माझ्या डोळ्यांसमोर जळत होता. आगीनंतर नवे काही उगवते हे मला माहीत आहे, पण त्या आगीनंतर उगवायला बी नव्हते. खरेदीदाराची गाडी आली आणि रिकामी परत गेली.

एके सकाळी यापी पिशवी खांद्यावर टाकून निघाला. ऊम आपोल मागच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते.

“कुठे निघालास?”

“बोटीवर, पा. तिथे काय धोक्याचं असतं, ते मला कळतं तरी.”

“जा. पण त्याआधी मला वाळू आणून दे. डोंगरावर झऱ्यापाशी पांढरी आहे, ती. मला चालता येत नाही.”

“वाळू कशाला?”

“म्हातारीच्या पायाखालचं सगळं काढायचंय. नवी वाळू घालायचीय. वाचली तर वाचली.”

यापीने पिशवी तिथेच ठेवली. त्या दिवशी त्याने वाळू आणली. पुरी पडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी आणली, आणि तिसऱ्या दिवशीही. पिशवी कोपऱ्यातच राहिली. एका संध्याकाळी लेनाने ती उचलून आत नेली. बोलली मात्र नाही.

मग ती करवत घेऊन माझ्याकडे आली. पूर्वी ती कलमांपुरते चार शेंडे घेई. आता तिने एकही फांदी ठेवली नाही. सगळ्या जमिनीलगत कापल्या. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि करवत थांबत नव्हती. यापी फांद्या उचलून नेत होता. मला वाटले, संपले. ज्या घराने मला धुरातून जागे केले, त्यानेच मला संपवले. वर वाळूचा थर आला आणि अंधार झाला.

पण लेना मला मारत नव्हती. करपलेल्या पानांचे ओझे तिने माझ्यावरून उतरवले होते. जमिनीखालच्या माझ्या जाड खोडात थोडा जीव शिल्लक होता. पावसाने उरलेसुरले विष खाली वाहून नेले. मी पडून राहिले. वर काय चालले होते, मला दिसत नव्हते. कधीकधी पावले येत, जवळ थांबत आणि परत जात. ती जड होती आणि अनवाणी होती. यापीची.

हवा तापू लागली तेव्हा मी जोर लावला. पहिली बातमी आंटी मीकींना लागली. अंडी शोधत त्या उतारावर आल्या आणि त्यांनी असा आवाज काढला, की कोंबड्या कुंपणावर चढल्या.

“लेना! ए लेना! तुझं मेलेलं झुडूप दात काढतंय गं!”

माझे लाल कोंब वाळूतून वर आले होते, चार-पाच, खरेच दातांसारखे. लेना एका दाराने धावली, यापी दुसऱ्या दाराने, आणि माझ्याजवळ येऊन दोघे एकमेकांवर आदळले. लेना वाळूत बसली. तिला हसू की रडू ते कळेना. यापी चार पावले मागे सरकून उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

“तिथे काय उभा आहेस?” ती म्हणाली. इतक्या महिन्यांत त्याच्याशी बोललेले तिचे पहिले वाक्य.

“मी काही हात लावणार नाही.”

“लावायचा. उद्यापासून शिकवते. शिकवायला हवं होतं मी.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “कळलं नाही तर विचारायचं. मलाच नाही, तिलाही. पानं उचलून बघायची, माती हुंगायची. ती सांगते.”

ओट्यावरून ऊम आपोल ओरडले, “मलाही कोणीतरी सांगा काय झालं ते!” त्यांना उचलून आणावे लागले.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या नव्या फांद्यांची कलमे लागली. आयुष्यभर जाळी विणलेल्या यापीची बोटे इतकी नेमकी निघाली, की त्याच्या ट्रेमधली कलमे लेनाच्या कलमांपेक्षा जास्त जगली. लेनाचा विश्वास बसेना. “काय आहे रे तुझ्या हातात?” तिने विचारले. “माशांचा वास,” तो म्हणाला.

आता ऊम आपोल नाहीत. उतारावर पुन्हा ओळी उभ्या आहेत, पहिल्याइतक्या नाहीत. माझी फुलेही आता पहिल्यासारखी ताटलीएवढी होत नाहीत, बशीएवढीच होतात. जे जळाले ते जळाले.

मित्रांनो, मी तुम्हाला एवढेच विनवते. घरातले रोप असो, मांजर असो, म्हातारे माणूस असो, तुम्ही माया कराल याची मला शंका नाही. पण हात पुढे करण्याआधी जरा थांबा. ज्याच्यावर माया करायची, त्याला काय सोसते ते आधी पाहा. आपल्याला जे गोड लागते, ते त्याला गोड लागेलच असे नाही. आणि तुम्हाला एखादी गोष्ट कळत असेल, तर ती दुसऱ्याला सांगा. ती आपल्याजवळ बांधून ठेवू नका.

आज सकाळी गावच्या शाळेतली मुले आम्हाला बघायला आली होती. यापी त्यांना कलम कसे लावतात ते दाखवत होता. शार्नेल नावाची एक लहान मुलगी सर्वांच्या मागे राहिली. तिने डब्याच्या पिशवीतून दुधाची बाटली काढली, झाकण उघडले आणि माझ्या बुडाशी वाकली.

“नको!” यापी असा गरजला, की सगळा वर्ग गोठला. शार्नेलच्या हातातली बाटली हिंदकळली आणि तिचे डोळे भरून आले. आपल्याच आवाजाने यापीही दचकला होता. तो धावत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

“ती भुकेली दिसली, ऊम,” शार्नेल पुटपुटली.

“हो, दिसते खरी. मलाही दिसली होती एकदा.” त्याने बाटलीचे झाकण हळूच लावून दिले. “दूध तिला सोसत नाही, बाळा. आजारी पडते.”

शार्नेलने नाक पुसले. माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “मग तिला काय आवडतं?”

यापीने माझ्याकडे पाहिले. आज एकही पान हलत नव्हते.

“वारा,” तो म्हणाला. “तिला वारा आवडतो.”

शार्नेलने दोन्ही हात पाठीमागे घेतले, गुडघे टेकले, आणि गाल फुगवून माझ्या सर्वांत खालच्या पानावर लांब, हळुवार फुंकर घातली. तिच्या श्वासाला दुधाचा वास येत होता. तेवढे दूध मला पुरले.